ऑर्लँडोतले नवीन स्टेज शो : बघावे की तेवढ्यात दोन राइड उरकाव्या?

चकलीताई
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात ऑर्लँडोला जाऊन आलो, अटलांटाहून गाडीने. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेली माझी आई. आई बहात्तरची, गुडघे बोलतात, त्यामुळे रोलरकोस्टर बाद. मग मी आणि आई शोज आणि बापलेक राइड्स अशी वाटणी झाली, आणि खरं सांगते आमचीच ट्रिप जास्त छान झाली.

२०२५ च्या मे महिन्यात तिथे एकदम बरेच नवीन शो आलेत. २२ मे ला युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे नवं थीम पार्क उघडलं, त्यात ड्रॅगनवाला 'द अनट्रेनेबल ड्रॅगन' आणि जादूगारांच्या पॅरिसमधलं 'ल सर्क आर्केनस'. पाठोपाठ २७ मे ला डिस्नीच्या हॉलिवूड स्टुडिओजमध्ये एकाच दिवशी दोन, खलनायकांचा 'अनफेअर्ली एव्हर आफ्टर' आणि लिटल मर्मेडचा नवा शो. मी यातले तीन बघितले, सर्कस राहिली.

माझं मत थोडक्यात. ड्रॅगन पैसे वसूल. खलनायक मज्जा. मर्मेड... डोळ्यांना गोड पण मन भरलं नाही. पाण्यातली ती चमकणाऱ्या माशांची बाहुल्यांची गंमत आली की लेक पुढे सरकून बसायची आणि मागचा व्हिडिओचा पडदा सुरू झाला की परत टेकून बसायची. मला वाटलं मीच म्हातारी झालेय, पण तिलाही तसंच वाटत होतं म्हणजे काहीतरी आहे. पडदा बघायला मी घरून सात तास गाडी चालवत का जाऊ?

तुम्ही कोणी बघितलेत का? आणि बघितले असतील तर जुन्यांच्या तुलनेत कसे वाटले? स्पॉयलर चालतील, माझं बघून झालंय :)

पेठेतला_पोपट
पहिला!

विमानाचं तिकीट, पार्कचं तिकीट, हॉटेल, आणि एवढं करून वीस मिनिटांचं बालनाट्य. आमच्याकडे पुण्यात भरत नाट्य मंदिरात अडीच तास मिळतात वर मध्यंतरात बटाटेवडा.

चकलीताई
पोपटराव तुमची वाटच बघत होते.

एडिसनचा_अण्णा
ताई धागा काढल्याबद्दल धन्यवाद, हा माझा एकदम जिव्हाळ्याचा विषय, बायको म्हणते हे वेड आहे. ९८ पासून जातोय, तेव्हा लग्न व्हायचं होतं, आता पोरगा कॉलेजात आहे.

मर्मेडबद्दल थोडा इतिहास, म्हणजे तुम्हाला का खटकलं ते कळेल. त्याच थेटरात जुना मर्मेड शो १९९२ पासून चालू होता. मार्च २०२० ला कोविडमध्ये बंद पडला तो परत उघडलाच नाही. त्यात समुद्री चेटकीण उर्सुलाची प्रचंड मोठी बाहुली होती, अख्खं स्टेज व्यापायची, पुढच्या रांगेतली पोरं हमखास रडायची. पाण्याचा खराखुरा पडदा होता, डोक्यावर तुषार यायचे. जुनाट झालं होतं सगळं, रंग उडालेला, मान्य. पण ज्यांनी तो लहानपणी बघितला त्यांना नवीन काहीही दाखवा, ते म्हणणार आमची उर्सुला कुठाय. फॅन लोकांची निम्मी नाराजी ही आठवणींची आहे, उरलेली निम्मी खरी. नवीन शोमध्ये जलपरी एरिअलचं गाणं सुरू झालं की अजूनही काटा येतो हो, ते आमच्या शोला जी मुलगी होती तिचं श्रेय.

खलनायकांबद्दल मात्र पूर्ण सहमत. हुक, कुत्र्यांची पिल्लं पळवणारी क्रुएला आणि मॅलेफिसंट तिघं आरशापुढे येऊन रडगाणं गातात की आमच्यावरच कसा अन्याय झाला, आणि आपण आरडाओरडा करून ठरवायचं सगळ्यात बिचारा कोण. आता यात जाफर पाहिजे होता, स्कार पाहिजे होता असे वाद फॅनमंडळींत चालू आहेत, चालणारच. पण कल्पना मस्त आहे कारण ती तीन माणसांच्या अभिनयावर उभी आहे, मशीनवर नाही.

कुंदा_मावशी
मी यावर्षी टूरबरोबर गेले होते. आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही) शोज 'वेळ उरल्यास' या सदरात टाकले होते आणि वेळ काही उरला नाही. चाळीस मिनिटं मॅनेजर माणसं मोजत होता. एक सिंहाचा शो तेवढा मिळाला तो पण पाऊस आला म्हणून. पण काय सुंदर हो!!! नवीन नसेल तर माफ करा.

चकलीताई
मावशी नवीन नाही पण त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही. फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग. चारी बाजूंनी प्रेक्षक, प्रत्येक बाजूला एकेक प्राणी दिलेला, सिंह, हत्ती, जिराफ, रानडुक्कर, आणि सुरुवातीला त्या त्या बाजूकडून तो तो आवाज काढून घेतात. आम्ही रानडुकरांत. माझी आई, जी लग्नकार्यात सुद्धा मोठ्याने हसत नाही, तिने पदर तोंडाला लावून इकडेतिकडे बघितलं, कोणी ओळखीचं नाही अशी खात्री केली आणि असा काही घुरघुराट केला की शेजारचा ब्राझिलचा माणूस टाळ्या वाजवायला लागला. लेकीने व्हिडिओ काढलाय, सांगलीला पाठवायला बंदी आहे.

एडिसनचा_अण्णा
हाहाहा. हा शो डिस्नीचं अॅनिमल किंगडम पार्क उघडलं त्या दिवसापासूनचा, एप्रिल १९९८. मधे कोविडनंतर २०२१ मध्ये कापून परत आणला, कलाबाजी करणारी माकडं गाळली होती तेव्हा कारण अंतर ठेवायचं होतं, ती २०२२ ला परत आली तेव्हा फॅन लोक खरंच रडले. मी नाही, डोळ्यात कचरा गेला होता.

पेठेतला_पोपट
माकडांसाठी रडणारे लोक. चालू द्या.

पडद्यामागचा_पक्या
मी डोंबिवलीचा, प्रकाशयोजना करतो, ऑर्लँडोला गेलेलो नाही आणि जाईन असं बँक म्हणत नाही. पण पडद्याबद्दल जे चाललंय त्यावर बोलतो कारण आमच्याकडे पण हाच वाद आहे. एलईडी वॉल आली आणि नेपथ्यकाराचं काम निम्मं झालं. निर्मात्याला सोपं पडतं, टेम्पोत सेट चढवायला नको, वाडा पाहिजे वाडा, जंगल पाहिजे जंगल, बटण दाबलं की झालं. पण वॉल स्वतःच उजेड फेकते राव. नटाच्या तोंडावर तुम्ही काय वाट्टेल तो लाइट टाका, मागे भिंतीएवढा टीव्ही चालू असेल तर नट काळा दिसतो, मग समोरून जास्त मारा, मग सगळं सपाट. चकलीताईंची लेक मागे टेकली ना, तिला कारण सांगता येणार नाही पण डोळ्याला खोली मिळेनाशी झाली की माणूस मागे टेकतो.

आणि त्या चमकणाऱ्या माशांचं तंत्र जुनंच आहे. मखमली काळे कपडे, काळा पडदा, अतिनील दिवे आणि फक्त बाहुलीला चमकणारा रंग. माणूस समोर उभा असतो आणि दिसत नाही. आम्ही बालनाट्यात केलंय, मोज्यांचे मासे करून. एका पोराचा पांढरा बनियन कॉलरमधून बाहेर आला आणि अख्ख्या प्रयोगभर समुद्रात एक त्रिकोण पोहत होता.

गोंयचो_बाब
बनियनाचा किस्सा भारी!

मी सहा वर्षं क्रूझ शिपवर स्टेज क्रूमध्ये होतो, तर या शोंचं आतलं गणित सांगतो. हे सगळे शो टाइमकोडवर चालतात. म्हणजे म्युझिक, लाइट, पडदा, धूर, सरकणारा सेट सगळं एका घड्याळाला बांधलेलं. स्टेज मॅनेजरने गो म्हटलं की गाडी सुटली. नटाने कितीपण चांगलं गायलं आणि लोकांनी उठून टाळ्या मारल्या तरी पुढचं म्युझिक आपल्या वेळेला सुरू होणार, त्याला थांबता येत नाही, टाळ्या संपायच्या आत त्याने पुढच्या खुणेवर जाऊन उभं राहायचं, नाहीतर वरून जे येतं ते डोक्यावर येतं.

आमच्याकडे गोव्यात तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, कांतार (गाणं) रंगलं की लोक 'वन्स मोर' ओरडतात आणि गायक परत येऊन अजून एक कडवं टाकतो, तेपण कधीकधी त्याच दिवशीच्या पेपरातल्या बातमीवर. बँड खाली बसलेला असतो, तो बघतो, वाजवतो. थीम पार्कात वन्स मोर नाही. लाइव्ह असून लाइव्ह नाही असं जे लोकांना वाटतं ना त्याचं मूळ इथं आहे, फक्त गाणं रेकॉर्डेड आहे की नाही त्यात नाही.

पडद्यामागचा_पक्या
बाब, अगदी. संगीत नाटकात तर वन्स मोर घेऊन घेऊन पहाट व्हायची असं ऐकत आलोय.

एडिसनचा_अण्णा
हे फारच इंटरेस्टिंग आहे, मी इतकी वर्षं बघतोय पण असा विचार केला नव्हता. आता लक्षात येतंय मला आवडणारे शो कुठले. खलनायकांच्या शोमध्ये प्रेक्षकांच्या ओरडण्यासाठी जागा सोडलीय. इंडियाना जोन्सचा स्टंट शो, १९८९ पासून चालू आहे, त्यात प्रेक्षकांतून लोक उचलतात, आणि तो उचललेला माणूस काय करेल याचा नेम नसतो. आणि सिंहाच्या शोमध्ये रानडुकरं. जिथे घड्याळ थोडं सैल सोडलंय तिथे मजा येते.

पण घड्याळाची बाजूपण समजून घ्या. ब्यूटी अँड द बीस्टचं थेटर साधारण दीड हजार सीटचं आहे. दिवसाला सहा खेळ धरले तर नऊ हजार माणसं त्या पार्कातल्या रांगांमधून काढून तुम्ही बाकावर बसवलीत. पार्कवाल्याला शो हा त्यासाठीपण पाहिजे असतो. त्यामुळे पंचवीस-तीस मिनिटाच्या वर कोणी जात नाही. डिस्नीच्या निमो माशाचा संगीत शो होता २००७ पासून, जवळजवळ चाळीस मिनिटांचा, गाणी ज्या नवराबायकोने केली त्यांनीच पुढे फ्रोझनची केली. तो २०२२ ला परत आणला तेव्हा पंचवीस मिनिटांचा करून आणला. मी अजून त्या पंधरा मिनिटांचं सुतक पाळतोय.

सानूची_आई
मी वाचनमात्र असते पण राहवलं नाही. आम्ही सर्क आर्केनस बघितलं!! तंबूत नेतात, रिंगमास्तर येतो, प्राणी येतात, आणि मग न्यूट स्कॅमँडरच्या (सिनेमातला जादुई प्राणी सांभाळणारा) बॅगेच्या आत जायचं असतं. कसं ते लिहीत नाही, कोणी जाणार असेल तर मजा जाईल. इथे पडदे पण आहेत, बाहुल्या पण आहेत, खरी माणसं पण आहेत आणि कुठे काय संपलं आणि काय सुरू झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे पडदाच वाईट असं मला नाही वाटत. सानू (सहा वर्षं) एका प्राण्याला हात लावायला उठली होती, मी फ्रॉक धरून बसवली.

गोष्ट मात्र फार घाईत गुंडाळलीय हे खरं. सिनेमे न बघितलेल्या माझ्या सासूबाईंनी बाहेर आल्यावर विचारलं, "तो चोर होता की मालक?"

पडद्यामागचा_पक्या
सानूची आई, तुमचा मुद्दा मान्य. पडदा लपला तर तो जादू, दिसला तर टीव्ही. इल्युजनवाले लोक त्याला आरशासारखं वापरतात, मागची भिंत म्हणून नाही.

ड्रॅगनबद्दल कोणीतरी नीट लिहा की. बाहुली किती मोठी, आत माणसं दिसतात का?

चकलीताई
लिहिते. कोणी विचारेल याचीच वाट बघत होते.

टूथलेस म्हणजे तो काळा ड्रॅगन, स्टेजवर येतो तेव्हा गाडीएवढा वाटतो. पण मोठा आहे म्हणून नाही आवडला. त्याची मान. हिकप, म्हणजे त्याचा दोस्त पोरगा, बोलत असतो आणि हा मागे उभा राहून मान तिरकी करून ऐकतो, आमच्या सांगलीच्या घरचा कुत्रा पोळीचा आवाज आला की करायचा तश्शी. नंतर श्वास. पोट वरखाली होतं. काही करत नसतो तेव्हा पण तो श्वास घेत असतो. आई माझ्या कानात म्हणाली, "अगं जिवंत ठेवलाय का काय?" आणि मग शेवटी तो प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत जातो, पंख पसरून, तेव्हा मी मोबाइल काढायचा विसरले, जे माझ्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत झालेलं नाही. गोष्ट सांगायची तर काही नाही, ड्रॅगन ऐकत नाही, मग ऐकतो. गाणी एक पण लक्षात नाही. तरी.

पडद्यामागचा_पक्या
श्वास! तिथेच खरा कसब आहे बघा. बाहुली हलवणं कोणीही शिकेल, बाहुली गप्प उभी ठेवून जिवंत ठेवणं अवघड. कुडाळजवळ पिंगुळीला जा कधी, ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. लाकडाची वीतभर बाहुली, चेहऱ्यावर एक रेष हलत नाही, पण दोरी जराशी सैल सोडली की ती विचार करतेय असं वाटतं. आणि अर्धवटराव विसरलात का, पाध्यांचा. आम्ही लहानपणी रामदास पाध्यांकडे बघायचोच नाही, अर्धवटरावाकडे बघायचो.

एडिसनचा_अण्णा
ड्रॅगनचा हा शो मूळ बीजिंगच्या युनिव्हर्सलमधला, २०२१ चा. ऑर्लँडोला इंग्रजीत आला. म्हणजे चार वर्षं चिनी फॅन लोकांचे व्हिडिओ बघून आम्ही जीव जाळत होतो.

पेठेतला_पोपट
एक प्रश्न, खवचट नाही. त्या खलनायकांच्या शोला जाणारी पोरं त्यांना घाबरत नाहीत? आमच्या लहानपणी निळूभाऊ फुले पडद्यावर आले की आमची आजी बोटं मोडायची. खलनायकाला टाळ्या ही काय भानगड?

कुंदा_मावशी
पोपट, अलबत्या गलबत्याची चेटकीण विसरलास? प्रभावळकरांची मी बघितली, वैभव मांगलेची नातवाने. नातू घाबरून माझ्या मांडीत तोंड खुपसायचा आणि ती आत गेली की विचारायचा परत कधी येणार. राजकन्येचं नाव विचार, आठवणार नाही त्याला.

गोंयचो_बाब
+१ मावशी. आणि दशावतारातला संकासुर? काळा, लाल जीभ बाहेर, वेद चोरणारा. पोरं पुढे बसतात ती त्यालाच बघायला. विष्णू आला की पोरं झोपतात.

पेठेतला_पोपट
ठीक आहे, हा पॉइंट तुमचा.

लियॉंकर
फ्रान्समधून लिहितोय. तुम्ही सगळे ऑर्लँडोवर चर्चा करताय पण स्टेज शोचं खरं वेड बघायचं तर इथे व्हांदे भागात 'प्युइ दु फू' आहे. थीम पार्क आहे पण राइडच नाहीत! एकही नाही. फक्त शो. रोमन स्टेडियममध्ये रथांची शर्यत, वायकिंग लोकांची जहाजं पाण्यातून वर येतात, शेकडो पक्षी डोक्यावरून उडतात, एका शोमध्ये प्रेक्षागृहच गोल फिरतं. रात्रीचा 'सिनेसेनी' १९७८ पासून चालतो, तेवीस हेक्टरचं स्टेज आणि हजारोंनी कलाकार, तेही आसपासच्या गावातले स्वयंसेवक. दिवसा बँकेत, रात्री घोड्यावर. २०२५ चा नवीन शो राजा आर्थरच्या तलवारीचा.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला एकच आठवलं, जाणता राजा. हत्ती, घोडे, मावळे, गावोगावची हौशी मंडळी. मी सोलापूरला शाळेत असताना आमचा ड्रिलचा मास्तर त्यात मावळा झाला होता, पुढचे सहा महिने तो वर्गात पण तसाच चालायचा.

पडद्यामागचा_पक्या
आणि गंमत म्हणजे जाणता राजाचे संवाद रेकॉर्डेडच असतात. कोणी कधी तक्रार केली? मैदान एवढं मोठं असतं की ओठ दिसतच नाहीत. थेटर छोटं झालं की ओठ दिसतात आणि मग प्रेक्षक चिडतो. बाब म्हणतो ते खरं, रेकॉर्डिंग हा मुद्दाच नाही.

एडिसनचा_अण्णा
लियॉंकर, बकेट लिस्टमध्ये टाकलं. बायकोला सांगतो आता फ्रान्स.

एक राहिलं. ही जी मंडळी दिवसात पाच-सहा वेळा तेच नाचतात, फ्लोरिडाच्या उन्हात, फरचे कपडे घालून, त्यांच्याबद्दल. सप्टेंबर २०२० ला डिस्नीने पार्क विभागातून २८,००० लोक कमी करायचं जाहीर केलं होतं, शो बंद पडले म्हणजे ही माणसं घरी बसली. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधल्या कॅरॅक्टर (मिकी वगैरे बनणाऱ्या) लोकांनी मे २०२४ मध्ये मतदान करून अॅक्टर्स इक्विटी या युनियनमध्ये जायचं ठरवलं. त्यामुळे एकाच वर्षात एवढे शो आले याचा मला जो आनंद झालाय त्यात हे पण आहे. शो बरा असो वाईट असो, स्टेजवर पगारी माणूस आहे.

गोंयचो_बाब
सहमत. मेकअप काढताना त्यांचे गुडघे बघा एकदा. चकलीताईंच्या आईंपेक्षा वाईट असतात आणि वय पंचवीस.

खोपोलीचा_बबन
आपल्याकडे का नाही हे? इमॅजिका घराजवळ, २०१३ ला उघडलं तेव्हापासून पाच वेळा गेलो, परेड असते, पोरं नाचतात, पण बसून बघावा असा मोठा गोष्टीवाला शो म्हणाल तर आठवत नाही. एवढी मराठी नटमंडळी शंभर किलोमीटरच्या आत राहतात.

पडद्यामागचा_पक्या
बबनराव माझा नंबर देऊ का त्यांना? दशावतार, बोहाडा, कळसूत्री, पंचवीस मिनिटात बसवून देतो. टेम्पो पण आहे.

सानूची_आई
चकलीताई, आम्ही डिसेंबरात परत जातोय, यावेळी माझी आई पण आहे, तिलाही इंग्रजी येत नाही. ड्रॅगनला कुठे बसायचं? आणि व्हीलचेअर घेऊन जाता येतं का?

चकलीताई
येतं, व्हीलचेअरच्या जागा वेगळ्या असतात, दारावरच्या माणसाला आधी सांगायचं. ड्रॅगनला अगदी पुढे नका बसू, मधल्या रांगेत मध्यावर, म्हणजे उडताना मान फार वर करावी लागत नाही. शाल न्या, आत एसी एवढा की आईने माझी ओढणी पण घेतली. दुपारी तीनच्या सुमारास तिथे पाऊस-विजा होतात उन्हाळ्यात, उघड्यावरचे शो थांबवतात, डिसेंबरात तो त्रास कमी. आणि भाषेचं काही टेन्शन घेऊ नका. खलनायकांच्या शोला सगळे ओरडायला लागले तेव्हा आई पण ओरडली, मी विचारलं तुला कळलं का कोणाला मत दिलंस, तर म्हणाली, "ती कुत्र्यांवर उठलेली बाई नको म्हटलं, दुसरं कोणीही चालेल."

व्हिडिओ मागणाऱ्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, रानडुकराचा. आईला सांगू नका. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पळते.